स्वमग्न बालकाचा प्रक्षोभ : औषध आणि शिक्षकाची वही



वर्गातील एखादे मूल अकस्मात शेजारच्याला चावते, पाटी भिरकावते किंवा स्वतःचे कपाळ भिंतीवर आपटून घेते. अशा वेळी 'मूल द्वाड आहे, त्याला धाक हवा' असे एखाद्या शिक्षकास वाटते; तर दुसरा पालकांना बजावतो, 'गोळी सुरू करा, मगच शाळेत पाठवा.' मूल स्वमग्न असेल, तर या दोन्ही वाटा त्याच्या अहिताच्या आहेत. ते कसे, याचा विचार प्रस्तुत पाठात करू.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा बालकांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. इतरांशी संबंध जोडणे व मनातले बोलून दाखविणे या मुलांना कठीण जाते. नित्यक्रमातील बदल त्यांना सोसत नाही. हे मेंदूच्या वाढीतील वेगळेपण होय. आईबापांच्या संगोपनाचा तो दोष नव्हे.

ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याचे दुःख हातापायांतून प्रकट होते. ठणकणारी दाढ, दुखणारा कान, बद्धकोष्ठ, अपुरी झोप, घंटेचा कर्कश नाद, अचानक बदललेली बसण्याची जागा, यांपैकी काहीही प्रक्षोभाच्या मुळाशी असू शकते. दाढ दुखणाऱ्या मुलास शांत करणारी गोळी दिली, तर मूल गप्प बसेल. दाढ मात्र किडतच राहील. म्हणून आधी कारणाचा शोध, मग औषधाचा विचार, हा क्रम ध्यानात ठेवावा.

तथापि औषध त्याज्य मानणेही योग्य नाही. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध उपलब्ध नाही. परंतु तीव्र चिडचिड व मारहाण कमी करणारी औषधे आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वमग्न बालकांतील अशा चिडचिडीसाठी २००६ मध्ये रिस्पेरिडोन आणि २००९ मध्ये अरिपिप्राझोल या औषधांस मान्यता दिली. २००२ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते १७ वर्षे वयाच्या १०१ मुलांचे आठ आठवडे निरीक्षण करण्यात आले. रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांत चांगली सुधारणा दिसली. औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. त्याच आठ आठवड्यांत पहिल्या गटाचे वजन सरासरी २.७ किलोग्रॅमने वाढले, दुसऱ्याचे केवळ ०.८ किलोग्रॅमने. लाभ खरा, तशी किंमतही खरी. भूक वाढणे, झापड येणे, हात थरथरणे, अंग ताठरणे, रक्तातील साखर वाढणे असे परिणाम संभवतात. यास्तव औषध सुरू करणे, मात्रा बदलणे वा थांबविणे हे काम तज्ज्ञ डॉक्टरांचेच आहे. पालकांनी आपल्या मनाने गोळी एकाएकी बंद करू नये, हे शिक्षकाने त्यांना समजावून सांगावे.

मग शिक्षकाचे काम कोणते? डॉक्टर मुलाला काही मिनिटे पाहतात. शिक्षक त्याला रोज कित्येक तास पाहतो. एक साधी वही घ्यावी व प्रत्येक प्रसंगाची नोंद चार रकान्यांत करावी : दिनांक व वेळ, प्रसंगापूर्वी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर इतरांनी काय केले. 'फार त्रास दिला' असे न लिहिता 'पोषण आहाराच्या ताटांचा खणखणाट सुरू होताच कान झाकले, मग शेजाऱ्यास ढकलले' असे लिहावे. दोन आठवड्यांच्या अशा नोंदींतून पुष्कळदा कारण आपोआप दिसू लागते. मुलाला ताटांपासून दूर बसविल्याने प्रसंग टळूही शकतो. औषध चालू असल्यास पेंगणे, थरथर व आहारातील बदल हेही टिपावेत आणि वही पालकांमार्फत डॉक्टरांना दाखवावी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश असून, अशा बालकास भेदभाव न करता शाळेत सामावून घेणे हे आपले कर्तव्य आहे. गोळी ही प्रवेशाची अट नव्हे, आणि छडी हा उपाय नव्हे.

मननासाठी प्रश्न :
१. आपल्या वर्गातील कोणते आवाज व कोणते बदल अशा बालकास असह्य होत असतील?
२. मागील एखादा प्रसंग आठवून तो वरील चार रकान्यांत लिहा. त्यापूर्वी काय घडले होते, हे आपणास आठवते काय?