इतिहासशिक्षकाचे पुनरध्ययन आणि वर्गातील नवी साधने

पदवी मिळाली, नेमणूक झाली आणि शाळेच्या हजेरीपटावर सही सुरू झाली, म्हणजे शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण संपले, अशी समजूत आपल्या समाजात बराच काळ रूढ होती. गणिताच्या शिक्षकाच्या बाबतीत ती काही अंशी खपूनही जाई. इतिहासाच्या शिक्षकाच्या बाबतीत मात्र तिने मोठे नुकसान केले आहे. वीस वर्षांपूर्वी बी. ए. च्या परीक्षेसाठी उतरवून घेतलेली टिपणे दरवर्षी फळ्यावर उमटत राहतात, आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, इतिहास म्हणजे कोणीतरी कायमचे ठरवून ठेवलेले उत्तर होय.

या पार्श्वभूमीवर, चाळिशी ओलांडलेले शिक्षक पदव्युत्तर अध्ययनाकडे पुन्हा वळतात, ही घटना स्वागतार्ह आहे. गोव्यापुरते बोलावयाचे तर त्यासाठी आज सोयी आहेत. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठाची स्थापना झाली. त्यापूर्वी पदव्युत्तर शिक्षणाची व्यवस्था मुंबई विद्यापीठाच्या पणजी येथील केंद्रातून होत असे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामुळे नोकरी न सोडता इतिहासात एम. ए. करणे शक्य झाले. २०१७ पासून 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावरून विद्यापीठीय पातळीवरील अभ्यासक्रम घरबसल्या ऐकता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त करण्यात आली आहे. अपेक्षा योग्यच आहे. तथापि अशा तासांपैकी बरेचसे यंत्र कसे चालवावे हे शिकण्यातच खर्ची पडतात आणि त्या यंत्रावर काय दाखवावे हा प्रश्न तसाच राहतो.

वर्गात नवी साधने येण्याचा इतिहासही लहान नाही. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. त्याच सुमारास काही निवडक शाळांत संगणक आले. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला. यांपैकी प्रत्येक साधनाचे समारंभपूर्वक स्वागत झाले, आणि अनेक ठिकाणी ते साधन पुढे कुलूपबंद खोलीत धूळ खात पडले. त्याचे एक कारण विजेचे व दुरुस्तीचे होते हे खरे. परंतु दुसरे कारण असे की, त्या साधनाशिवाय सोडविता येणार नाही असा कोणताही प्रश्न शिक्षकापाशी नव्हता.

प्रश्न आधी आणि साधन मागाहून, हा क्रम समजण्यासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण पुरेसे आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी पेशाने गणितज्ञ होते. तक्षशिला येथे सापडलेल्या आहत नाण्यांचा कालक्रम कसा लावावा, हा प्रश्न त्यांना पडला. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते, त्याचे वजन घटते आणि निरनिराळ्या नाण्यांच्या वजनांतील तफावतही वाढत जाते. म्हणून त्यांनी सूक्ष्म तराजू हाती घेतला, शेकडो नाणी एकेक करून तोलली आणि संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा अनुक्रम लावला. तराजू काही नवा नव्हता. इतिहासाला तो नवा होता. याच कोसंबींनी १९४७ मध्ये गोव्याच्या 'जुन्या काबिजादी'तील ग्रामसंस्थेवर निबंध लिहिला. आपल्या गावकारीकडे अभ्यासकाच्या नजरेने कसे पाहावे, हे जाणून घेण्यासाठी तो निबंध शिक्षकाने अवश्य वाचावा.

पुनरध्ययनातून शिक्षकाला मुख्यतः साधनांची पारख लाभते. १५२६ चा 'फोराल' हा दस्तऐवज घ्यावा. पोर्तुगीज अमलाच्या आरंभी महसुलाचे प्रमुख अधिकारी अफोन्सो मेशिया यांनी तिसवाडीतील गावकाऱ्यांचे रीतिरिवाज त्यात नोंदविले. चार पुरुष ओसाड बेटावर आले, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली आणि त्यांचेच वंशज गावकार झाले, अशी हकीकत त्याच्या प्रारंभी येते. पाठ्यपुस्तकी सवयीचा शिक्षक ही हकीकत घडलेली घटना म्हणून सांगेल. अध्ययन केलेला शिक्षक थांबून विचारील: ही हकीकत कोणी सांगितली? तिच्यामुळे कोणाचा हक्क शाबीत होत होता? लिहून घेणाऱ्याला सारा वसूल करावयाचा होता, त्याचा लिखाणावर काय परिणाम झाला असावा? जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्यांचे त्यात काही म्हणणे आहे काय? आठवीतल्या मुलांना हे प्रश्न समजतात. घरातील वाटणीचे वाद ऐकून त्यांची तयारी आधीच झालेली असते.

अशी कागदपत्रे विपुल आहेत. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ पासूनचे असून दियोगु दु कोतु हे त्याचे पहिले रक्षक होते. मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी चाललेल्या पत्रव्यवहाराचे खंड तेथे आहेत, तसेच मोडी लिपीतील कागदही आहेत. या दप्तरांत वाट कशी काढावी, यासाठी डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांनी १९५५ मध्ये पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका आजही उपयोगी पडते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कागदांची सूची व अनेक कागदांच्या प्रतिमा २०१५ पासून 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. परंतु पडद्यावर कागद आला म्हणजे तो वाचता आला असे नव्हे. मोडीचा सराव आणि कामापुरती पोर्तुगीज यांसाठी शिक्षकाने सवडीने का होईना, एखादे वर्ष घालविल्यावाचून गत्यंतर नाही.

खाजनाचा पाठ

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. खाजन जमीन असलेल्या कोणत्याही गावातील शाळेला हा पाठ घेता येईल. प्रश्न एवढाच ठेवावा: आपल्या गावाचा बांध पूर्वी कोण राखीत असे, आणि आता कोण राखतो?

प्रथम इस्रोच्या 'भुवन' किंवा 'गुगल अर्थ' या नकाशावर गाव शोधावा. नदी, बांध, मानशी आणि आतली शेते वरून स्पष्ट दिसतात. भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात, हे मुलांना जागेवर नेऊनच दाखवावे. तेथे पडद्याचे काम नाही. गुगल अर्थवर मागील काही वर्षांची चित्रेही मिळतात. ती ओळीने पाहिली असता एखादे शेत हळूहळू पाण्याखाली गेले किंवा तेथे तिवरांची झाडी माजली, असे आढळते. बांध फुटल्याचा हा पुरावा होय. मात्र तो का फुटला, हे चित्र सांगत नाही.

त्यासाठी कागदाकडे यावे लागते. 'एक-चौदा'चा उतारा आता संगणकावर पाहता येतो. त्यात शेताचे नाव, कब्जेदार आणि कूळ यांच्या नोंदी असतात. शेतांच्या नावांतच किती इतिहास दडलेला असतो, हे मुले स्वतः शोधून काढतील. बांधाची देखभाल पूर्वी गावकारीकडे, म्हणजे पोर्तुगीज कारभारातील कोमुनिदादीकडे असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि पुढील नियमांनुसार ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्याय्य झाले. बांधाच्या सामुदायिक कामाची जुनी घडी मात्र अनेक गावांत विस्कटली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही मुलांसमोर ठेवल्या पाहिजेत. एका बाजूचा इतिहास शिकविणे सोपे असते, विशेषतः ज्या गावात कूळ आणि भाटकार या दोघांचीही मुले एकाच बाकावर बसतात तेथे गप्प राहणे त्याहून सोपे; पण शिक्षकाने ते टाळावे.

तिसरे साधन म्हणजे गावातील वडीलधारी माणसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुले आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवावयाच्या तर विलंब परवडणारा नाही. साधा मोबाईल फोन यास पुरतो. ध्वनिमुद्रणापूर्वी सांगणाऱ्याची संमती घ्यावी. आरंभी त्याचे नाव, गाव व तारीख उच्चारावी. "बांध फुटला तेव्हा फार हाल झाले ना?" असा उत्तर सुचविणारा प्रश्न न विचारता "तेव्हा काय झाले?" एवढेच विचारावे व मग गप्प बसावे. सांगणारा कोंकणीत बोलला तर कोंकणीतच उतरवून घ्यावे. वाटेत भाषा बदलली की अर्थ बदलतो. मूळ मुद्रण जसेच्या तसे ठेवून त्याच्या प्रती दोन ठिकाणी जपाव्यात. संमतीवाचून ते समाजमाध्यमांवर टाकू नये.

प्रश्न टाकताच सफाईदार मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा २०२२ च्या अखेरीपासून विद्यार्थ्यांच्याही हाती आली आहे. तिच्यावर बंदी घालून भागणार नाही. गावच्या बांधाविषयी तिला विचारावे, मिळालेले उत्तर फळ्यावर लिहावे आणि एकेका वाक्यापुढे मुलांनी आधार मांडावा: हे उताऱ्यात आहे काय, आजोबांनी सांगितले काय, नकाशावर दिसते काय? ज्या वाक्याला आधार सापडणार नाही, ते पुसावे. फळ्यावर किती उरते, ते वर्गाला दिसेलच. हा तास घेणे मात्र ज्या शिक्षकाने स्वतः कागद हाताळले आहेत, त्यालाच जमेल.

एक व्यावहारिक अडचण राहते. पुराभिलेखागाराची वेळ आणि शाळेची वेळ एकच आहे. त्यामुळे पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या शिक्षकाला मे महिन्याची व दिवाळीची सुटी यांवरच भिस्त ठेवावी लागते. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात थोडी सवलत ठेवून आठवड्यातून एक दुपार मोकळी करून दिली, तर दोन वर्षांचे काम खरोखर दोन वर्षांत होईल. तलाठी आणि कोमुनिदादीचे कारकून यांनीही शाळेची मुले दाराशी आली असता त्यांना बसवून घ्यावे. जुन्या वह्यांची पाने हाताळताना हात कोरडे असावेत, पाने ओल्या बोटाने उलटू नयेत आणि छायाचित्र घेताना झगझगीत दिवा लावू नये, एवढे मुलांना आधी सांगून ठेवले म्हणजे त्यांची काही हरकत राहणार नाही.