हुशार कोणाला म्हणावे?

शाळेचे वर्ष सुरू होऊन महिना उलटत नाही तोच वर्गात मुलांची एक वाटणी होऊन जाते. ती हजेरीपटात नसते व प्रगतिपत्रकातही नसते. परंतु वर्गातील प्रत्येक मुलास ती पक्की ठाऊक असते. गुरुजींनी प्रश्न विचारताच ज्यांचे हात वर जातात ती मुले हुशार, जी शेजाऱ्याकडे पाहून हात वर करतात ती मध्यम, आणि ज्यांच्याकडे प्रश्न कधी जातच नाही ती ढ. ही वाटणी वर्षानुवर्षे टिकते व हळूहळू घरापर्यंत पोहोचते. "आमच्या पोराला गणित नाही यायचं, गुरुजी. चार अक्षरं आली तरी पुष्कळ झालं," असे बापच बोलू लागला म्हणजे शाळेचा निकाल घरानेही मान्य केला असे समजावे. मग ते मूल शाळेत येते, पण शिकणे थांबवते. एका शब्दाने इतके घडत असल्यामुळे तो शब्द शिक्षकाने पारखून वापरला पाहिजे.

शब्दाची पारख

'हुशार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. शुद्धीवर असलेला, सावध, जागा असा त्याचा मूळ अर्थ. ज्याला पुष्कळ माहिती आहे तो हुशार, असे हा शब्द सांगत नाही. जो जागा आहे तो हुशार, असे सांगतो. मराठी माणसाने नुसत्या माहितीचे कौतुक कधीच फारसे केलेले नाही. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण व 'दीडशहाणा' हा शब्द गावोगाव रूढ आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात प्रथम मूर्खाची लक्षणे दिली, आणि तेवढ्याने समाधान न होऊन त्याच दशकात 'पढतमूर्ख' या नावाचा वेगळा समास घातला. ज्याने वाचले आहे पण वाचलेले ज्याच्या वागण्यात उतरले नाही, त्याची गणना त्यांनी मूर्खातच केली. परंपरेने दासबोधाचे लेखनस्थान म्हणून मानली जाणारी शिवथरघळ याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात आहे.

तरीही शाळेत हुशारीची परीक्षा बहुधा दोन गोष्टींवरून होते: उत्तर किती लवकर आले, आणि ते पुस्तकातल्याप्रमाणे आले की नाही. या मापात काय निसटते, हे पनवेलच्या खाडीकाठी चांगले दिसते.

खाडीकाठचे गणित

पनवेल हे जुने बंदर. खाडीच्या दोन्ही अंगांनी आगरी-कोळी वस्तीची गावे, खारबंदिस्तीची भातशेती व मिठागरे होती. भरती केव्हा व ओहोटी केव्हा, हे या गावांना घड्याळाआधी ठाऊक असावे लागे. होडी केव्हा लोटायची, जाळे केव्हा लावायचे, बांधाची उघाडी केव्हा उघडायची, हे सारे पाण्यावर अवलंबून. त्यासाठी कोकण किनाऱ्यावर एक सोपा ठोकताळा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे तीच वेळ सकाळी व सायंकाळी, थोड्या फरकाने, लागू पडते.

आता असा एक वर्ग डोळ्यांसमोर आणावा. पाचवीत अपूर्णांकांचा गुणाकार चालू आहे. फळ्यावर 'सात गुणिले तीन छेद चार' असे लिहिले आहे. खाडीकाठच्या गावचा एक मुलगा खडू हातात घेऊन फळ्यापुढे उभा आहे, आणि त्याला काहीच सुचत नाही. वर्ग हसतो. गुरुजी त्याला जागेवर बसवतात. मधल्या सुट्टीत तेच गुरुजी त्याला सहज विचारतात, "काय रे, आज बाबांबरोबर खाडीवर जाणार का?" मुलगा चटकन म्हणतो, "आज सप्तमी ना, गुरुजी. सव्वापाचला भरती. पाणी उतरायला लागलं की जाणार."

सातची पाऊणपट सव्वापाच. जे उदाहरण फळ्यावर सुटले नाही तेच त्याने उभ्या उभ्या तोंडी सोडवले. मग हा मुलगा ढ की हुशार?

हा प्रश्न केवळ पनवेलचा नाही. ब्राझील देशातील रेसिफे शहरात रस्त्यावर व बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर व आनालुसिया श्लीमन या संशोधकांनी करून तो १९८५ साली प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून हिशेब विचारला असता या मुलांची शेकडा सुमारे ९८ उत्तरे बरोबर आली. तशीच उदाहरणे शाळेच्या पद्धतीने, गोष्टीच्या रूपात दिली तेव्हा हे प्रमाण शेकडा ७४ वर आले; आणि नुसते अंक मांडून दिले तेव्हा ते ३७ वर घसरले. मुले तीच होती व गणितही त्याच तऱ्हेचे होते. बदलला होता तो प्रसंग.

ठोकताळ्याची मर्यादा

येथे एक सावधगिरी हवी. खाडीकाठच्या मुलाला भरतीची वेळ सांगता येते म्हणून त्याला लेखी गणित नको, असा अर्थ कोणी काढू नये. ठोकताळा पाठ असणे ही माहिती झाली. ती पाढ्यांसारखीच उपयोगी आहे व पाढ्यांसारखीच अपुरी आहे. खरी हुशारी पुढच्या पायरीवर आहे.

एका पक्षाच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाच्या बारा तासांतून फिरून पुन्हा जागेवर येते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटे. त्यांना १५ ने भागले की तिथीमागे ४८ मिनिटे येतात. पाऊणकी मात्र तिथीमागे ४५ मिनिटेच धरते. दर तिथीला तीन मिनिटांची ही तूट पौर्णिमेपर्यंत ४५ मिनिटे होते: पाऊणकी सव्वाअकरा सांगते, तर ४८ मिनिटांच्या हिशेबाने बारा वाजतात. शिवाय भरतीचे पाणी उघड्या किनाऱ्यावर जेव्हा चढते, त्यानंतर काही वेळाने ते खाडीच्या आतल्या टोकाला पोहोचते. म्हणून प्रत्येक गावाची वेळ थोडी वेगळी.

ज्याला नियम ठाऊक आहे तो माहितगार. ज्याला नियम कोठे चुकतो हे जाणून घ्यावेसे वाटते, आणि त्यासाठी जो बांधावर जाऊन पाणी पाहतो, तो हुशार. उत्तर ठाऊक असताना सारेच शहाणे दिसतात. उत्तर ठाऊक नसताना, किंवा ठाऊक असलेले उत्तर चुकीचे ठरल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याची पारख होते.

किहीमचा सुगरण पक्षी

याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील किहीम येथे घडले. सालिम अली यांचा जन्म १८९६ सालचा. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता हे घरी कोणाला सांगता येईना. तेव्हा तो मुलगा पक्षी घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांना विचारण्यास गेला. 'माहीत नाही' हे ज्याला टोचते व जो विचारावयास जातो, असा हा मुलगा होता. पुढे महाविद्यालयात त्यांना गणित जमले नाही व शिक्षण अर्धवट राहिले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३० साली ते परत आले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची नोकरीही पैशाअभावी रद्द झाली होती.

शाळेच्या मापाने हा मनुष्य नापास. ते किहीमला राहावयास गेले. जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ही लोंबती घरटी कोकणात कोणी पाहिली नाहीत? पक्ष्याच्या मराठी नावातच असे गृहीत धरलेले आहे की, घर विणणारी ती मादी. सालिम अलींनी पक्ष्यांचा व्यवहार रोज नेटाने पाहिला व टिपून ठेवला. घरटे विणतो तो नर. ते अर्धे विणून झाले की माद्या येऊन पारखतात. एखादीने ते पसंत केले तर नर ते पूर्ण करतो, आणि लागलीच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. त्यांचा हा अभ्यास १९३१ साली प्रसिद्ध झाला व पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. पुढे १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले.

ती घरटी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. एकाने मात्र 'हे आपल्याला ठाऊकच आहे' असे न म्हणता पाहिले.

मोजमापाचा मूळ हेतू

बुद्धी मोजण्याच्या कसोट्यांचे नाव शिक्षकाने ऐकलेले असते. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व सिमाँ यांनी अशी कसोटी प्रथम तयार केली. शाळेत मागे पडणारी कोणती मुले वेगळ्या मदतीस पात्र आहेत, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. मुलाची बुद्धी जन्मभर तेवढीच राहणार, असे बिने यांचे मत नव्हते. योग्य अभ्यासाने ती वाढते, असे ते आग्रहाने मांडत. मदतीसाठी काढलेली खूण कपाळावरचा शिक्का होऊन बसली, हा दोष वापरणाऱ्यांचा. 'ढ' हा शब्दही तसाच शिक्का आहे.

पनवेल तालुक्यात या विचाराची निकड आज अधिक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर पनवेल, उरण व ठाणे या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. शेते व मिठागरे गेली, वसाहती उभ्या राहिल्या. आता एकाच वर्गात आगऱ्याचे मूल, वाडीवरचे आदिवासी मूल व परप्रांतातून आलेल्या मजुराचे मूल शेजारी बसते. ज्याच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी, त्याचे उत्तर उशिरा येते. उशिरा आले म्हणून ते मंद ठरते. उलट जे मूल न अडखळता बोलते, ते विचार न करताही हुशार ठरते. दोघांचेही नुकसान होते.

वर्गात काय करावे

१. प्रश्न विचारल्यावर लगेच हात पाहू नयेत. मनात दहा अंक मोजावेत व मगच उत्तर घ्यावे.

२. 'माहीत नाही' हे उत्तर चूक मानू नये. त्यापुढे एकच प्रश्न जोडावा: "मग कसे शोधून काढशील?" या प्रश्नाचे जे उत्तर येईल, त्यास गुण द्यावेत.

३. खाडीजवळच्या शाळेने एका पक्षापुरती भरतीची वही ठेवावी. दिनदर्शिकेतून तिथी घ्यावी, पाऊणकीने वेळ काढावी, खाडीवर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून खरी वेळ विचारून शेजारी लिहावी व फरक मोजावा. मुलांनी एकट्याने पाण्याकाठी जाऊ नये. जेथे खाडी नाही तेथे विहिरीच्या पाण्याची पातळी, अंगणातील काठीची सावली किंवा सुगरणीची घरटी हाच विषय घ्यावा.

४. तोंडी जमणारा हिशेब लेखी कसा मांडावयाचा, हे मुद्दाम शिकवावे. सप्तमीचा सव्वापाच फळ्यावर 'सात गुणिले तीन छेद चार' या रूपात दिसला, म्हणजे मुलास अपूर्णांक परका वाटत नाही.

५. प्रगतिपत्रकात 'हुशार' किंवा 'साधारण' एवढाच शेरा न लिहिता पाहिलेली गोष्ट लिहावी: 'चूक कळल्यावर पुन्हा मोजून पाहिले', 'न समजलेले विचारले', 'शेजाऱ्यास समजावून दिले'.

६. शिक्षकाचीही फळ्यावर चूक होते. ती मुलाने दाखविल्यास वर्गासमोर मान्य करावी व दुरुस्त करावी. एवढ्या एका कृतीने जे शिकविले जाते ते दहा पाठांनी होत नाही.

फळ्यापुढे गप्प उभा राहिलेला तो मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात येतो व मागच्या रांगेत बसतो. शिक्षकाने त्याला पुढे बोलवावे आणि विचारावे, "आज तिथी कोणती?" त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे.