हायब्रिड की रोड? मामाला विचार

भाचीबाई, घरच्या एमटीबीला, म्हणजे त्या जाड्या टायरांच्या डोंगरी सायकलीला, जोड म्हणून दुसरी कोणती घ्यायची यासाठी दुकानाच्या चार चकरा झाल्या, यूट्यूबवर रात्री जागवून झाल्या, आणि मग मामा आठवला. हरकत नाही. खांदा कॉलनीत आल्यापासून मी पाच सायकली घेतल्या, त्यातल्या तीन चुकून. सल्ला द्यायची माझी लायकी तुझ्या आईला विचार. ती आधी हसेल, पण नाही म्हणणार नाही. चहा घे आणि वाच.

१. आधी घरातल्या सायकलीला विचार की बाई, तुला काय जमत नाही – दुसरी त्याच एका कामासाठी आणायची असते. घरात कढया दोन आणि तवा एकही नाही, असं व्हायला नको.

२. तुझी एमटीबी आणि हायब्रिड या मावसबहिणी. एमटीबीचे जाडे, गोट्यागोट्यांचे टायर काढ, दीड-पावणेदोन इंची गुळगुळीत टायर चढव, सस्पेन्शन लॉक होत असेल तर कर आणि महिनाभर खांदेश्वर स्टेशन, भाजी, नेरे असं फिर – दोन टायरांच्या पैशात निम्मी हायब्रिड घरातच निघते.

३. त्या महिन्यात नेऱ्याच्या पुढे गेलीच नाहीस, तर दुसरी घेऊच नको – गॅलरीतली सायकल फक्त टॉवेल वाळवते. माझ्या एकीने दोन वर्षं वाळवले.

४. कुठे कुठे गेलीस ते वहीत लिही, जायचं मनात होतं ते नको – मन खोपोलीला आणि चाक भाजीवाल्याकडे, असं सगळ्यांचंच असतं. गाढेश्वरकडच्या गावरस्त्यावर गतिरोधक, खडी आणि मध्येच बसलेल्या म्हशी, तिथे हायब्रिड सुखाची. पळस्प्याहून शेडुंग, चौक, खोपोली हा जुना पुणे रस्ता, किंवा बेलापूर-वाशीचा पामबीच, इथे मात्र रोड बाईक खुलते.

५. परतीचा वारा हिशोबात धर. खोपोलीहून दुपारी घरी निघालीस की समुद्राकडचा वारा छातीवर बसतो, आणि ताशी वीस-बावीसच्या पुढे आपली बरीचशी ताकद हवेशी भांडण्यातच जाते – रोड बाईकचं ते शिंगांसारखं हँडल दिसायला नसतं, वाऱ्याखालून वाकून निसटायला असतं. हायब्रिडवर आपण छाती काढून बसतो, आणि वारा ती ओळखतो.

६. रोड बाईक घेतलीस तर टायर २८ मिमीचा घे, आणि फ्रेममध्ये ३२ चा मावेल एवढी जागा आहे का ते बोट घालून बघ – मी हौसेने २३ चा घेतला होता. तिसऱ्याच दिवशी पेव्हर ब्लॉकच्या कडेवर चाक आपटलं आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडली. पंक्चरवाल्याने टायर चिमटीत धरून विचारलं, "काका, हा टायर आहे की रबरबँड?" मला उत्तर अजून सुचलेलं नाही.

७. हवा भरायचा उभा पंप, काटा असलेला, सायकलीबरोबरच घे – रोड बाईकच्या चाकांना बहुतेक वेळा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, आणि जुन्या वॉलट्यूबवर वाढलेला आपला कोपऱ्यावरचा पंप त्याला धरत नाही. ज्याचा पंप घरात, तो पहाटे घाटात.

८. दर शनिवारी रात्री काटा बघून हवा भर – बारीक टायर आठवड्याभरात नकळत बसतो. २८ ला तुझ्या वजनाला ७०-७५ पीएसआय पुरे. दगडासारखं टणक केलंस तर प्रत्येक खडा मणक्यात मोजता येतो.

९. हे नीट वाच. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरव – हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात, त्या आपल्या टायरात घुसतात आणि बाहेरून दिसत नाहीत. शेडुंगजवळ मी एका ट्यूबचं पंक्चर बघितलं, नवी घातली, शंभर पावलांवर तीही बसली. तिसरी ट्यूब नव्हती. रस्त्याकडेला बसून टायर उलटा केला, तेव्हा नखाएवढी तार चकाकली. रुमालाचा धागा अडकतो तिथे तार असते. बोटाने शोधू नकोस, रक्त येतं.

१०. ब्रेक डिस्कचेच घे, हायब्रिड असो की रोड – आपल्याकडच्या पावसात रिमवर धरणारे ब्रेक चिखलाबरोबर रिमही खातात, आणि ओल्या उतारावर उशिरा धरतात. फक्त चेनला तेल घालताना डिस्कवर फडकं धर. एक थेंब उडाला की ब्रेक किंचाळतो, पण थांबवत नाही.

११. मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमवर भोकं आहेत का बघ – हायब्रिडला बहुधा असतात, पुष्कळ रोड बाईकना नसतात. जून ते सप्टेंबर पाठीवर चिखलाची वेणी घालून ऑफिसात जाणार असशील तर तुझी मर्जी.

१२. सायकल उचलून जिना चढून बघ, दुकानातच – आपल्या इमारतीला लिफ्ट नाही. ॲल्युमिनिअमची रोड बाईक दहा-अकरा किलोची, हायब्रिड तेरा-चौदाची, आणि तिसऱ्या मजल्यावर हे तीन किलो बोलायला लागतात.

१३. माप आधी, रंग नंतर – रंगावर भुलली घोडी, गुडघ्याला पडली बेडी. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवर सुमारे २९,००० किलोमीटर करत जगाला वळसा घातला. तिच्या सायकलीचा रंग मला तरी आठवत नाही. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की पाय खाली सरळ व्हायला हवा. हँडल धरल्यावर कोपर ताठ राहत असेल तर ती सायकल कुणा उंच माणसाची.

१४. रोड बाईकच्या हँडलवर ब्रेक तुझ्या बोटांना सहज पोचतो का ते वरच्या रबरी मुठींवरून आणि खालच्या वाकावरून, दोन्ही पकडींतून बघ – बहुतेक लिव्हरना जवळ घ्यायचा स्क्रू असतो, दुकानदार विसरतो. मग पहिले दोन रविवार कॉलनीतल्या आतल्या रस्त्यांवर एका हाताने इशारा करायचा सराव कर. हायवेवर शिकायला जागा महाग असते.

१५. कळंबोलीच्या चौकात बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधी थांबू नकोस – वळताना त्याची मागची चाकं आत कापतात आणि ड्रायव्हरला आपण दिसत नाही. घाई असली तरी त्याच्या मागे राहा; मागे राहिलेल्याला चहा मिळतो. आणि तिथूनच सुटणाऱ्या पुण्याच्या द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, अटल सेतूवरही, तेव्हा "जरा आत डोकावून येते" नको.

१६. रोड बाईक नाही म्हणून लांब जाता येत नाही, हे ज्याने सांगितलं त्याचा नंबर मला दे. ब्रेव्हेटमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात – हिशोब कर, थांब्यांसकट ताशी पंधराही पडत नाहीत. हायब्रिडवर जमतं. दोनशे करणाऱ्याला अडवतं ते पोट आणि सीट, हँडल नव्हे.

१७. ठरवलेल्या पैशातला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढ – हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, दोन ट्यूब, पंप आणि कुलूप हे "नंतर घेऊ" म्हटलं की कधीच येत नाहीत.

१८. घरी आणलीस की पायडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या पोटावर कोरलेला नंबर आणि बिल, दोन्हींचा फोटो काढून ठेव – चोरीला गेली तर पोलिसांना "निळी होती, गोड होती" चालत नाही.

१९. माझं मत विचारशील तर, एमटीबीला टायर बदल आणि बाजार, स्टेशन, पाऊस तिच्याकडेच राहू दे. दुसरी घ्यायचीच तर रोड बाईक, डिस्क ब्रेकची, २८ टायरची – हायब्रिड आणलीस तर सहा महिन्यांत दोन्ही सायकली एकाच वाटेने जातील आणि एक रुसून जिन्याखाली बसेल. तुझी एमटीबी विकणार असशील तर मात्र उलट सांगतो: एकटीने संसार करायचा तर हायब्रिडच.

२०. तरी घाई नको. माझी रोड बाईक चार रविवार वापरून बघ, मी तुझी एमटीबी घेतो – माझ्या सायकलीची सीट मी तुझ्या मापाला खाली घेऊन ठेवली आहे, आधीची खूण टेपने केली आहे, तेवढी काढू नकोस. या रविवारी पहाटे साडेपाचला खाली ये. कर्नाळ्यापर्यंत जाऊन येऊ, आणि मी मागे पडलो तर फाट्यावर थांब.