वसमत हळद : नाव कुणाचं, माल कुणाचा?

हिंगोली जिल्ह्यात डिसेंबरात नवी हळद नसते. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेलं बेणं आठ-नऊ महिने गादीवाफ्यावर राहतं. पाला वाळून आडवा झाला की फेब्रुवारी-मार्चात काढणी होते, मग कुकरवर शिजवणी आणि उन्हात वाळवण. पॉलिशच्या ड्रममधून निघालेली कांडी शेवटी पोत्यात जाते. म्हणून ‘नव्या हंगामाची अस्सल वसमत हळद’ असं छापलेलं, पण पॅकिंगची तारीख डिसेंबर २०२४ असलेलं एक पाकीट वसमत तालुक्यातल्या एका शेतकरी गटाच्या बैठकीत फिरलं, तेव्हा आधी हशाच पिकला. हसून झाल्यावर प्रश्न उरला : ही हळद आहे तरी कुणाची?

प्रस्तुत लेखक या गटाचा सभासद. गटाने त्याआधीच्या उन्हाळ्यात एका मसाला कंपनीला थोडा माल दिला होता, तेवढाच. नंतर कंपनीने गटाकडून पोतंभरही उचललं नव्हतं. पाकीट त्याच कंपनीचं होतं आणि मागच्या बाजूला गटातल्याच एकाच्या शेताचा फोटो होता. बॅच नंबर होता, अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक होता; हळद कोणत्या गावची, याबद्दल चकार शब्द नव्हता. फोन केला तर कंपनीचा माणूस गोड बोलला, “काका, हळद तिकडचीच आहे, तुम्ही कशाला काळजी करता?” खरेदीची पावती दाखवा म्हटल्यावर त्याने विषय बदलला.

गटाची मंडळी नांदेडला वकिलाकडे गेली. वकिलाने पाकीट बाजूला ठेवून एवढंच विचारलं, “चेन्नईच्या रजिस्टरमध्ये तुमची नावं आहेत का?”

नव्हती.

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला सर्रास ‘जीआय’ म्हणतो ते, मिळालं २०२४ मध्ये. त्याच सुमारास मराठवाड्याच्या इतर मालालाही ते मिळालं : बदनापूरची दगडी ज्वारी, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्ती कोथिंबीर, कुंथलगिरीचा खवा, तुळजापूरची कवड्यांची माळ. हळदीपुरतं बोलायचं तर वर्धा जिल्ह्यातली वायगाव हळद आणि सांगलीची हळद आधीच यादीत होत्या. सांगलीचा क्रमांक २०१८ मध्ये लागला. वसमतचं नाव आलं तेव्हा जिल्ह्यात पेढे वाटले गेले, फलक लागले. आता भाव वाढणार, असं जो तो म्हणू लागला.

मानांकनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३ पासून. त्याचं कार्यालय चेन्नईला आहे आणि तिथल्या रजिस्टरचे दोन भाग आहेत. ‘अ’ भागात मालाचं नाव आणि ज्या संस्थेने अर्ज केला ती नोंदणीकृत मालक संस्था. ‘ब’ भागात अधिकृत वापरकर्ते, म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष पिकवणारे. ते नाव मालावर लावण्याचा हक्क कायद्याने ‘ब’ भागातल्यांना दिला आहे. नावाचा गैरवापर झाला तर दाद मागण्याचा अधिकार मालक संस्थेला आणि या वापरकर्त्यांना आहे. सातबारा वसमत तालुक्यातला, घरात तीन पिढ्यांची हळद, पण ‘ब’ भागात नाव नाही, अशा शेतकऱ्याला कोर्टात स्वतःच्या नावाने उभं राहता येत नाही. वकिलाचा प्रश्न यासाठी होता.

दुसरा धक्का कंपनीशी झालेल्या करारनाम्यात होता. करार इंग्रजीत होता, सोबत मराठीत अर्ध्या पानाचा गोषवारा. गोषवाऱ्यात भाव, वजन, आर्द्रता आणि पैसे मिळण्याची मुदत एवढंच होतं. वकिलाने मूळ करारातल्या एका कलमाखाली लाल रेघ ओढली. ‘वसमत’ हे नाव असलेली लेबलं आणि चिन्हं कंपनीच्या मालकीची राहतील आणि गट कंपनीला हे नाव वापरण्याचा कायमचा परवाना देत आहे, असा त्याचा मजकूर. गंमत अशी की हे कलम कायद्यापुढे टिकणारंच नव्हतं. भौगोलिक नावावरचा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्याने दुसऱ्याला देताही येत नाही. कायद्याचं २४ वं कलम हे स्पष्ट सांगतं. वापरकर्ता वारला तर हक्क त्याच्या वारसाकडे जातो. आणि बाहेरच्या मालावर असं नाव ट्रेडमार्कमध्ये घालून कुणी गिऱ्हाइकाची दिशाभूल करत असेल, तर तो ट्रेडमार्क नाकारता किंवा रद्द करता येतो.

थोडक्यात, कंपनीने जे लिहून घेतलं ते गटाकडे नव्हतंच. पण गटाने सही केली होती आणि त्या सहीच्या जोरावर पाकिटं बाजारात गेली होती. नोटीस गेली. नव्या पाकिटांवरून ‘वसमत’ हा शब्द गायब झाला, दुकानांत गेलेला माल विकला गेला, भरपाई मिळाली नाही. गटाच्या सभासदांनी ‘ब’ भागासाठी अर्ज भरायला घेतले.

हळदीवरच्या हक्काचं भांडण नवं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळदीची पूड वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आजी जे करते, त्याचं पेटंट! वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेलचे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात ‘आमची आजी लावायची’ हे सांगून भागत नाही. छापील, तारखेचा पुरावा लागतो. परिषदेने ३२ संदर्भ काढले. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने मजकूर होते आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सगळे दावे फेटाळले. वर्तमानपत्रांनी या लढ्याला हळदीघाटीची लढाई म्हटलं. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहू लागलं, जेणेकरून असं पेटंट देण्याआधीच परदेशी परीक्षकांना आपले संदर्भ समोर दिसावेत.

त्या विजयाचा अर्थ आपल्याकडे जरा जास्तच ताणला जातो. ‘हळदीवर आता कुणी हक्क सांगू शकत नाही,’ असं व्यासपीठावरून ऐकू येतं, ते खरं नाही. रद्द झालं ते जुन्या, माहीत असलेल्या वापरावरचं पेटंट. हळदीतून कर्क्युमिन काढण्याच्या नव्या पद्धती, ते शरीरात चांगलं शोषलं जावं म्हणून केलेली मिश्रणं यांच्यावर पेटंटं आहेत आणि निघतही राहतील. तंत्रज्ञान नवं असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो, मग ते अमेरिकेतलं असो की बंगळूरचं. आपण कांडी विकतो आणि ज्याच्याकडे अर्क काढायची पद्धत आहे तो ९५ टक्के कर्क्युमिनची पावडर विकतो. दोघांच्या किलोच्या भावात कितीतरी पटींचं अंतर असतं.

आकडेच बघा. २०२२-२३ मध्ये देशात ३.२४ लाख हेक्टरवर ११.६१ लाख टन हळद झाली, म्हणजे जगाच्या उत्पादनाच्या पाऊण भागाहून जास्त. २०२३-२४ मध्ये निर्यात झाली १.६२ लाख टन, किंमत २२.६५ कोटी डॉलर. भागाकार केला तर किलोमागे १.४० डॉलरच्या आसपास येतात. जगाच्या हळद-व्यापारातला मोठा वाटा हातात असूनही मिळकत एवढीच, कारण बहुतेक माल कच्चा किंवा साध्या भुकटीच्या रूपात जातो. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. २०३० पर्यंत निर्यात शंभर कोटी डॉलरवर नेण्याचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे. वसमतला हरिद्रा संशोधन केंद्र उभं राहतंय. उद्दिष्ट गाठायचं तर प्रक्रियेची पायरी शेतकऱ्याच्या दाराजवळ यायला हवी.

परदेशात जाताना मानांकनाची ताकद कुठे संपते, हेही माहीत असावं. भारतातली नोंदणी भारतातच चालते. दार्जिलिंग चहाला युरोपीय संघात २०११ मध्ये वेगळी नोंदणी घ्यावी लागली. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात दारू आणि वाइन यांच्या भौगोलिक नावांना जास्तीचं संरक्षण आहे : ‘शॅम्पेनसारखी’ असं लिहून दुसरी वाइन विकण्यालाही तो करार मनाई करतो. हळद, तांदूळ, चहा यांना तेवढं कवच नाही; तिथे गिऱ्हाइकाची फसवणूक होते हे आपल्याला दाखवावं लागतं. भारत आणि इतर काही देश हे कवच सगळ्या मालाला द्या म्हणून कित्येक वर्षं मागणी करत आहेत. अजून ते झालेलं नाही.

आणि बंदरावर नावाआधी तपासणीचा अहवाल बघितला जातो. बांगलादेशात हळकुंडाला पिवळंधमक करायला लेड क्रोमेट वापरलं जायचं. २०१९ मध्ये तिथल्या आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते उघड केलं, सरकारने धाडी घातल्या आणि दोन वर्षांत भेसळ जवळपास संपली. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या २३ शहरांतल्या नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटण्याच्या काही नमुन्यांत शिशाचं प्रमाण भयानक होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हाँगकाँगने इथिलीन ऑक्साइडमुळे भारतीय मसाल्यांच्या काही मिश्रणांची विक्री थांबवली. अशी बातमी आली की खरेदीदार प्रत्येक पोत्याकडे संशयाने बघतो. मग ते पोतं वसमतचं आहे की आणखी कुठलं, हे कुणी विचारत नाही.

गटाच्या या सगळ्या धावपळीतून जे हाती लागलं, ते इतर उत्पादकांच्या उपयोगाला यावं.

पहिलं काम ‘ब’ भागातल्या नोंदणीचं. मानांकन मिळालं म्हणजे आपण आपोआप त्यात आलो, हा समज खोटा आहे. अर्ज प्रत्येकाने वेगळा करायचा. २०२० मध्ये नियम बदलून शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणलं, त्यामुळे खर्चाचं कारण उरलेलं नाही. लागतो तो पुरावा, आणि तिथेच अडतं. सातबाऱ्यावर हळदीचा पेरा लागलेला असावा, म्हणून ई-पीक पाहणी स्वतः आणि मुदतीत करावी. कित्येकांच्या उताऱ्यावर सोयाबीन असतं आणि शेतात हळद.

दुसरं, करार मराठीत मागावा. इंग्रजीतच हवा असेल तर गोषवाऱ्यावर समाधान मानू नये, पूर्ण भाषांतर घ्यावं. नाव, लेबल, फोटो, ‘कायमचा परवाना’ असे शब्द दिसले की पेन खाली ठेवून आधी वकील गाठावा. नाव किती मालापुरतं, कोणत्या बॅचपुरतं आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं, हे करारात लिहून घ्यावं.

तिसरं, लॉट नंबर. कुणाच्या शेतातली, कधी काढलेली, कुठे शिजवलेली, किती क्विंटल, कुणाला दिलेली याची वही गटाने ठेवावी आणि प्रत्येक लॉटचा मोहोरबंद नमुना जपून ठेवावा. डिसेंबरच्या त्या पाकिटाविरुद्ध गटाचा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता होता? मे महिन्यातली वजनकाट्याची पट्टी. किती माल गेला ते तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि कंपनीने छापलेली पाकिटं त्याहून कितीतरी जास्त निघाली.

चौथं, तपासणी. कर्क्युमिन, आर्द्रता, शिसं आणि कीडनाशकांचे अंश यांचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून, लॉट नंबर टाकून घ्यावा. पॉलिश करताना ड्रममध्ये रंग टाकू देऊ नये, मग व्यापारी कितीही म्हणो की झळाळी कमी पडते.

पाचवी गोष्ट बेण्याची. पिकवलेलं बेणं ठेवणं, पुन्हा लावणं, शेजाऱ्याला देणं किंवा विकणं हा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचं बेणं ब्रँडचं लेबल लावलेल्या पिशवीतून विकता येत नाही. बेण्याचा धंदा करणाऱ्यांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी.

खोट्या नावाने माल विकणाऱ्याला मानांकनाच्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण तक्रार उभी राहते ती वरच्या कागदांवर.

राहिला भावाचा प्रश्न. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात ढीग लागतो, व्यापारी कांडी मोडून बघतो, रंग आणि लांबी बघतो आणि बोली लावतो. तिथे मानांकनाचा दाखला कुणी विचारत नाही आणि त्यासाठी कुणी रुपया जास्त देत नाही. फरक पडतो तो थेट गिऱ्हाइकाला किंवा निर्यातदाराला, अहवाल आणि लॉट नंबरसह दिलेल्या मालात, आणि तिथेही तपासणी, पॅकिंग, वाहतुकीचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून जातो. म्हणून गटाने ठरवलंय की पुढच्या हंगामात थोडाच माल नावाने विकायचा, बाकीचा नेहमीसारखा यार्डात घालायचा आणि दोन्हीकडच्या पट्ट्या समोरासमोर ठेवून हिशोब मांडायचा.