मुलाखतीच्या खुर्चीत काळीज का धडधडते?



आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आज बी.कॉम., इंजिनिअरिंग, एमबीएच्या वर्गांत आहेत. शेवटच्या किंवा त्याआधीच्या वर्षी त्यांना एखाद्या कंपनीत काही महिने शिकाऊ म्हणून काम करावे लागते. त्याला इंटर्नशिप म्हणतात. काम पसंत पडले तर बऱ्याचदा तिथेच नोकरी लागते, म्हणून या मुलाखतीचे घरात दडपण असते. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. अभ्यास झालेला असतो, पण खुर्चीत बसल्यावर तोंड कोरडे पडते, तळहात घामेजतात आणि येत असलेले उत्तर आठवत नाही. हा शरीराचा मामला आहे आणि शरीराची तयारी करता येते.

आधी काय घडते ते पाहू. बायोडाटा पाठवल्यावर बहुधा ऑनलाइन चाचणी होते. त्यात गणित, तर्क आणि इंग्रजी असते. कुठे गटचर्चा असते. मग त्या कामातला जाणकार तुमच्या प्रोजेक्टवर खोदून प्रश्न विचारतो. प्रोजेक्ट मित्राकडून उतरवला असेल तर तो इथेच उघडा पडतो. शेवटी एचआरची फेरी. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘आमचीच कंपनी का’, ‘अडचण आली तेव्हा काय केले’ हे प्रश्न ठरलेले. आणि त्यांच्याच ओळीत सहज आल्यासारखा एक प्रश्न येतो: ‘घरची पार्श्वभूमी काय?’

आपल्या मुलांचे काळीज इथे धडधडते. ते मनाचे खेळ नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. हा अभ्यास 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की, हे अधिकारी ‘गुणवत्ता’ म्हणतात आणि सोबत घरची पार्श्वभूमीही तपासतात. वडील काय करतात, घरात कोण शिकले, कुठे राहता, यावरून ते माणूस जोखतात.

याचा परिणाम डोक्यावर कसा होतो, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांवर दाखवले. कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवताना, जात जाहीर केलेली नव्हती तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने चालली. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मुले तीच, डोकी तीच. म्हणून मुलाखतीत गडबडलेल्या पोराला ‘तुझ्यात हिंमतच नाही’ म्हणणाऱ्या मोठ्यांनी जरा थांबावे.

आपल्याला तोलले जात आहे असे वाटले की शरीर धोक्याची घंटा वाजवते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात येते, ठोके वाढतात, श्वास वर-वर होतो. यावर फुकटचा उपाय श्वासाचा आहे. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ मोजत सावकाश सोडावा. दाराबाहेर बसल्या-बसल्या पाच मिनिटे हे करता येते, कुणाला कळतही नाही. विहारात शिकवतात ती आनापानसती वेगळी. तीत श्वास लांबवायचा नसतो, आहे तसा पाहायचा असतो. ती रोज दहा-पंधरा मिनिटे केली तर ‘आता मला भीती वाटते आहे’ हे वेळेवर ओळखता येते. मात्र मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदाच बसून काही साधत नाही, दोन-तीन आठवडे आधी सुरुवात हवी.

दुसरा उपाय, त्या अवघड प्रश्नाचे उत्तर आधीच मोठ्याने बोलून ठेवणे. तोंडाला सवय झाली की छाती कमी उडते. ‘वडील महापालिकेत सफाई कामगार आहेत, आई चार घरी स्वयंपाक करते. घरात पदवीपर्यंत मीच पहिली पोचले. विहाराच्या अभ्यासिकेत मी दोन वर्षे लहान मुलांचे गणित घेते.’ एवढे पुरे. हकिकत सांगावी, गयावया करू नये, आणि शेवट आपल्या कामावर आणावा. माझे मत विचाराल तर आईवडिलांचे काम लपवू नये, कारण लपवलेले सांभाळण्यात अर्धे डोके गुंतून राहते. जात थेट विचारली तर गोष्ट वेगळी. खासगी कंपनीत आरक्षण नाही, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला तिच्याशी कर्तव्य नाही. ‘सर, याचा या कामाशी काय संबंध आहे, ते सांगाल का?’ असे शांतपणे विचारता येते. उत्तर द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलींना लग्नाबद्दल विचारले तरी हेच.

येत नसेल ते ‘येत नाही, पण असे शोधीन’ म्हणावे. इंग्रजी अडखळले तर वाक्य लहान करावे. उत्तरापूर्वी दोन-तीन सेकंद गप्प राहणे चुकीचे नाही.

खाण्याचे सोपे आहे. उपाशी जाऊ नये. पोहे, भाकरी-भाजी, केळे, नेहमीचेच खावे. चहा एकच. खर्रा, मावा, सिगारेटने धीर येतो हा गैरसमज आहे, निकोटिनने ठोके वाढतात. ‘धडधड थांबवणारी गोळी’ कुणी दिली तर घेऊ नये. त्यातली प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला घातक ठरू शकते. स्वच्छतागृहाच्या काळजीने मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे फार वाईट. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. पाणी कमी आणि एसीची थंडी, दोन्हींमुळे त्यांच्या वेदना उफाळू शकतात. अशांनी पाण्याची बाटली आणि स्वेटर न्यावा, पोचल्याबरोबर स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घ्यावे.

घरच्यांसाठी दोन शब्द. एका खोलीच्या घरात आदल्या रात्री टीव्ही दहाला बंद झाला तर तेवढी मोठी मदत. मुलाखत व्हिडिओवर असेल तर विहाराची किंवा अभ्यासिकेची शांत खोली दोन तास मागून घ्या. आणि निघताना ‘आता सगळे तुझ्यावरच आहे’ म्हणू नका. इंटर्नशिपसाठी कुणी नोंदणीचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागत असेल तर ती बहुधा फसवणूक असते. तिथे पैसे भरू नका.

नकार आला तर दोन-चार रात्री झोप उडणे, जेवण न जाणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे झाले तरी पोरगा बोलत नाही, खात नाही, कॉलेजला जात नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे एकदा जरी बोलला, तर वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.