रातांब्याचा हंगाम आणि सातबाऱ्याचा उतारा

अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत आपल्या किनारपट्टीवर शेतमालावर जो काही घरगुती संस्कार होतो, तो बहुतांशी स्त्रियांच्या हातून होतो. पांढऱ्या कांद्याच्या माळी विणणे, रातांब्यांची साले रसात पुनःपुन्हा बुडवून व वाळवून आमसुले करणे, ही कामे पुरुषांनी केलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात फारशी नाहीत. परंतु हेच काम एखादी स्त्री स्वतःच्या नावाने, चार बाया मजुरीस लावून, धंदा म्हणून करू म्हणते तेव्हा तिला भांडवल मिळत नाही. याचे कारण बँकेत शोधण्याची आपली रीत आहे. ते बरेचसे आपल्याच घरच्या कागदांत आहे, असे मला वाटते.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. रातांबे चैत्र-वैशाखात पिकतात आणि पाऊस आला की वाळवण संपते. म्हणजे साऱ्या वर्षाचा माल काही आठवड्यांत घेऊन, फोडून, मीठ लावून, वाळवून भरून ठेवावयाचा. फळ रोखीने घ्यावे लागते, मजुरी आठवड्यास चुकवावी लागते, आणि विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी होत राहते. अशा धंद्यास यंत्रापेक्षा खेळते भांडवल अधिक लागते, व तेही हंगामाच्या तोंडाशी. ज्येष्ठात मंजूर झालेले कर्ज न मिळाल्यासारखेच होय. बचत गटाचे कर्ज उपयोगी खरे. पण ते दहा-बारा जणींत वाटले गेले की एकीच्या वाट्यास पिंपे येतात, फळ येत नाही. मग राहते ते अंगावरचे सोने.

कोणी म्हणेल, विनातारण कर्जे आहेत की! आहेत. दहा लाखांपर्यंतच्या लहान उद्योगकर्जास तारण मागू नये असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० साली घातला. २०१५ साली मुद्रा योजना निघाली. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान ठेविले. मात्र निदान १० टक्के रक्कम पदरची हवी. परंतु धंद्याची जागा कोणाची, हा प्रश्न तारणाचा नसून पुराव्याचा आहे. घराचा नमुना आठ सासऱ्याच्या नावे, जमीन थोरल्या दिराच्या नावे ‘ए. कु. मॅ.’ म्हणून. बाई त्या अंगणात वीस वर्षे राबते, एवढ्याने भागत नाही. संमतीपत्र लागते, आणि ते देताना घरात सात जणांस सात शंका येतात.

महसूल खात्यात कारकुनी करताना हजारो उतारे हाताखालून गेले. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एका भावाचे नाव, विधवा व बहिणी यांची नावे ‘इतर हक्कात’, हा जुना परिपाठ. कायदा पुढे गेला. महाराष्ट्राने १९९४ साली, व केंद्राने २००५ साली सर्वत्र, मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हिस्सा दिला. २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. पण वारसनोंद झाली की पाठोपाठ हक्कसोडपत्र येतेच. सासरच्या उताऱ्यावर ती नाही, कारण तो पतीचा. माहेरच्या उताऱ्यावर नाही, कारण तेथे तिने हक्क सोडला.

दुसऱ्यास दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मीच केला, आणि अक्षर चांगले वठले याचा त्या दिवशी मला संतोष वाटला. पुढे वैधव्य आल्यावर तिने आमसुले व आगळ यांचा धंदा मांडावयाचे ठरविले. बँकेतून परतताना ती माझ्याकडे उतरली. “भाऊ, जागेचा कागद कोणाच्या नावचा, एवढेच ते विचारतात,” म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. तिने पाटल्या गहाण ठेविल्या. तेवढ्यात बसेल तेवढेच फळ घेतले.

साताऱ्यातील म्हसवडचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. तेथे श्रीमती चेतना सिन्हा यांनी माण तालुक्यातील स्त्रियांची सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या लिहावयास शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवू असे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले. १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. अक्षर शिकणे त्यांच्या हाती होते. उताऱ्यावरील नाव मात्र बाईच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.

ते लावण्याची वाटही जुनीच आहे. श्री. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, आणि १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून पतीच्या स्वखुशीच्या अर्जावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची मुभा दिली. अधिक पक्का हक्क द्यावयाचा असल्यास नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे. शेतजमीन वा राहते घर पत्नीस किंवा मुलीस देताना २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार निराळा. धंदा बुडाला तर जमीन जाईल, ही भीती पुष्कळ जण बोलून दाखवितात. सहधारक एकटी सबंध जमीन गहाण टाकू शकत नाही, आणि विनातारण कर्जाचा बोजा उताऱ्यावर चढत नाही. पतीने काढलेल्या पीककर्जाचा बोजा मात्र चढतो, व त्याची भीती कोणास वाटत नाही!

मी स्वतः पत्नीच्या नावासाठी अर्ज दिला, तेव्हा चावडीवरची नोटीस वाचून दोन गृहस्थ घरी आले आणि कोणाचे देणे चुकवावयाचे आहे काय, असे हळूच विचारून गेले. बहिणीस ओटा व मागील पडवी नोंदणीकृत भाडेपट्ट्याने दिली आहे.

अर्ज करावयाचा तो कार्तिकात करावा. नोटिशीनंतर हरकतीस पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, नंतर नवा उतारा. बँकेच्या फेऱ्यांत पौष-माघ सरतो. रातांबे चैत्रात रंग धरू लागतात.