जागल्या आणि त्याचे नाव



पूर्वी गावात रात्री पहारा देणारा जागल्या असे. चोर दिसला की तो आरोळी ठोकी आणि गाव जागे होई. सरकारी कामातील गैरव्यवहार पाहून जो वरिष्ठांना कळवतो, त्यालाही आता मराठीत ‘जागल्या’ म्हणतात. मात्र गावचा जागल्या चोराविरुद्ध ओरडे, तर हा आपल्याच कचेरीतील माणसांविरुद्ध बोलतो. दुसऱ्या दिवशी त्याला त्यांच्याच शेजारी बसायचे असते. म्हणून त्याचे नाव गुप्त राहणे फार महत्त्वाचे. हे समजण्यासाठी आज आपण सत्येंद्र दुबे यांची हकीकत पाहू.

बिहारच्या सिवान जिल्ह्यातील खेड्यात वाढलेले दुबे १९९४ साली कानपूरच्या आयआयटीतून स्थापत्य अभियंता झाले. पुढे ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात आले. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचे काम तेव्हा चालू होते. दुबे यांची नेमणूक झारखंडमधील कोडरमा येथे होती. मोठे ठेकेदार काम घेऊन ते अननुभवी लहान ठेकेदारांकडे सोपवतात, हे त्यांना दिसले. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले. आपली ओळख वेगळ्या कागदावर देऊन ती गुप्त ठेवावी, अशी विनंतीही केली.

त्यांनी निनावी पत्र का लिहिले नाही? निनावी पत्र आकसानेही लिहिता येते. नाव देणारा माणूस ‘या शब्दांची जबाबदारी माझी’ असे सांगत असतो. पण ते पत्र नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया येथे रेल्वेने उतरून घरी जाताना दुबे यांचा गोळी घालून खून झाला. ते ऐन तिशीत होते. तपासात हा लुटीचा प्रकार ठरला आणि २०१० साली तिघांना जन्मठेप झाली. अनेकांच्या मनातील शंका मात्र गेली नाही. खुनाचे कारण काहीही असो, विश्वासाने दिलेले नाव फुटले, ही चूक उरतेच.

या घटनेनंतर देशभर संताप उसळला. एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. तक्रारदाराने नाव पाकिटावर नव्हे, आतील पत्रात लिहायचे; आयोग पोचपावतीही पाठवत नाही, कारण पोचपावतीवरूनही नाव कळू शकते. २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. त्यात जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत, तर तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणजे नाव फोडणे हा अधिक मोठा अपराध मानला. खेदाची गोष्ट ही, की मंजुरीनंतर दहा वर्षे उलटली तरी हा कायदा लागू झाला नव्हता.

आम्हाला वाटते, बोलणाऱ्याच्या धैर्याचे आपण कौतुक करतो, पण ऐकणाऱ्याचे कर्तव्य विसरतो. जो सांगतो त्याने स्वतः पाहिलेलेच सांगावे, पुरावा जपावा, मनात सूड नसावा आणि योग्य ठिकाणीच सांगावे. जो ऐकतो त्याने नाव पोटात ठेवावे आणि चौकशी करावी.

पालकहो, विश्वस्तहो, शाळेतील एखादे मूल वर्गातील दांडगाई किंवा मोठ्यांची चूक सांगायला आले, तर ‘कोणी सांगितले?’ हा प्रश्न आपण आधी विचारतो, की ‘काय घडले?’ हा? पहिला प्रश्न चारचौघांत विचारला गेला, तर ते मूल पुन्हा कधी बोलणार नाही.

विचार करा :
१. निनावी तक्रार आणि नाव गुप्त ठेवलेली तक्रार यांत काय फरक आहे?
२. मित्राची चूक सांगणे चहाडी केव्हा ठरते आणि कर्तव्य केव्हा? घरी चर्चा करून दहा ओळी लिहा.